दृष्टांतातली आपली जागा

येशूचा कुठलाही दृष्टांत ऐकताना माणूस त्यात नकळत स्वतःसाठी बरीशी जागा धरून ठेवतो. यरीहोच्या वाटेवरची गोष्ट निघाली की जखमी माणसाजवळ थांबणारा शोमरोनी म्हणजे आपण, आणि पलीकडच्या बाजूने निघून जाणारा याजक म्हणजे दुसरा कुणीतरी. उधळ्या पुत्राची गोष्ट निघाली की आपण फार तर चुकून परत आलेला धाकटा. दाराबाहेर रुसून उभा राहिलेला थोरला म्हणजे आपला मेहुणा किंवा चर्चच्या समितीवरचे ते एक गृहस्थ. बायबल अभ्यासवर्गांत मी हे वर्षानुवर्षं पाहत आलो आहे. गोष्टी तोंडपाठ असतात, त्यांचे अर्थही तोंडपाठ असतात, आणि नेमक्या त्यामुळेच त्या अंगी लागत नाहीत.

पुढच्या प्रकरणांत मी एकच गोष्ट धरून चाललो आहे. हे दृष्टांत ज्यांच्यासमोर सांगितले गेले, त्यांच्यासाठी गोष्टीत एक जागा राखून ठेवलेली होती. ती बहुतेक वेळा अडचणीची होती, आणि आज ऐकणाऱ्याची जागाही तीच आहे. तिथे जाऊन उभं राहिल्याशिवाय दृष्टांत कळत नाही, असं मला वाटतं.

ही रीत येशूच्या आधीची आहे. दावीद राजाने उरीयाची बायको आपल्याकडे आणली, उरीयाला लढाईच्या तोंडी देऊन संपवलं आणि प्रकरण मिटलं असं समजून तो राज्य करू लागला. नाथान संदेष्टा त्याच्याकडे आला तो दुसऱ्याच कुणाची फिर्याद घेऊन. एका गावात एक श्रीमंत आणि एक गरीब. गरिबाकडे एकच कोकरू, लेकीसारखं वाढवलेलं, त्याच्याच ताटातलं खाणारं. श्रीमंताकडे पाहुणा आला, तेव्हा आपल्या कळपाला हात न लावता त्याने ते कोकरू उचलून कापलं. राजा संतापला. त्याने निकाल दिला: असा माणूस मरणाला पात्र आहे, आणि कोकराची चौपट भरपाई झाली पाहिजे. निकाल तोंडातून बाहेर पडल्यावर नाथानाने आरोपीचं नाव सांगितलं, आणि ते राजाचंच होतं.

निकाल आधी, आरोपी मागून. येशूच्या कितीतरी दृष्टांतांची बांधणी अशी आहे. शिमोन परूश्याच्या घरी जेवायला बसलेला असताना तो दोन कर्जदारांची गोष्ट सांगतो, एकाला पाचशे दीनार माफ झाले आणि दुसऱ्याला पन्नास, आणि यजमानालाच विचारतो की सावकारावर जास्त माया कोण करील. शिमोन बरोबर उत्तर देतो. त्या बरोबर उत्तरातच तो सापडतो.

मराठी वाचकाला दृष्टांत हा प्रकार नवा नाही. तेराव्या शतकातल्या चक्रधरस्वामींचे ११४ दृष्टांत केसोबासांनी ‘दृष्टांतपाठा’त बांधून ठेवले. तिथे आधी सूत्र येतं, मग दृष्टांत, आणि शेवटी त्याचा उलगडा करणारं दार्ष्टान्तिक. येशूच्या गोष्टींत हा तिसरा भाग बहुधा नसतो. पेरणाऱ्याच्या आणि निदणाच्या दृष्टांताला शुभवर्तमानात उलगडा जोडलेला आहे, काही ठिकाणी लूक सुरुवातीलाच हेतू सांगून टाकतो; पण पुष्कळदा गोष्ट संपते आणि पुढे काही नसतं. तिथलं दार्ष्टान्तिक ऐकणाऱ्याने आपल्या आयुष्यातून भरायचं असतं.

चर्चने ही मोकळी जागा फार काळ मोकळी ठेवली नाही. संत ऑगस्टीनच्या वाचनात वाटेवर लुटला गेलेला माणूस म्हणजे आदाम, यरुशलेम म्हणजे स्वर्गीय नगर, उतारशाळा म्हणजे चर्च आणि तिचा मालक म्हणजे प्रेषित पौल. यात भक्ती आहे, सौंदर्यही आहे. पण प्रत्येक वस्तूला अर्थ मिळाल्यावर ऐकणाऱ्याला करायला काही उरत नाही. १८८८ मध्ये आडॉल्फ यूलिखर या जर्मन अभ्यासकाने ही रूपकांची वीण उसवायला घेतली आणि प्रत्येक दृष्टांताचा मुद्दा एकच असतो असं ठासून मांडलं. पुढे सी. एच. डॉड यांनी १९३५ मध्ये आणि योआखिम येरेमियास यांनी १९४७ मध्ये या गोष्टी पुन्हा गालिली आणि यहुदियाच्या मातीत नेऊन ठेवल्या. अलीकडे, २०१४ मध्ये, एमी-जिल लेव्हिन या यहुदी विदुषींनी आपल्या पुस्तकात दाखवून दिलं की ख्रिस्ती वाचकांनी येशूला उजळ करण्यासाठी त्याच्याच समाजाला काळं रंगवलं. ही सूचना मी फार गंभीरपणे घेतो. परूशी म्हणजे ढोंगी, याजक म्हणजे कर्मठ, असं एकदा ठरवलं की आपली सुटका होते. दोष ‘त्यांच्या’ धर्माचा ठरतो आणि दृष्टांत आपल्याला लागूच होत नाही.

शोमरोन्याची गोष्ट यासाठी जवळून पाहावी. यरुशलेम समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचावर, यरीहो समुद्रसपाटीच्याही सुमारे २५० मीटर खाली. दोहोंत अंतर साधारण २७ किलोमीटर. म्हणजे उजाड डोंगरांतून, वळणावळणांनी, हजार मीटरची उतरण. या वाटेवर एक माणूस लुटला जातो. एक याजक येतो, एक लेवी येतो, दोघंही निघून जातात. ते का थांबले नाहीत याची शिकवणीतली ठरलेली सबब अशी की प्रेताचा विटाळ होईल म्हणून. पण लूकने असं काही लिहिलेलं नाही. याजक यरुशलेमहून खाली चालला होता, मंदिरातल्या सेवेकडे निघाला नव्हता. शिवाय वाटेत बेवारस प्रेत आढळलं तर खुद्द मुख्य याजकानेही त्याला मूठमाती द्यावी, असं मिश्ना या यहुदी धर्मनियमांच्या संहितेचं सांगणं आहे. कारण लिहिलेलं नाही, म्हणूनच तिथे आपली कारणं बसतात.

प्रिन्स्टनच्या धर्मशिक्षणसंस्थेत जॉन डार्ली आणि डॅनियल बॅटसन या मानसशास्त्रज्ञांनी केलेला एक प्रयोग १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. धर्मसेवेचं शिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्यांना छोटंसं भाषण द्यायला शेजारच्या इमारतीत पाठवलं गेलं. काहींचा विषय याच दृष्टांताचा होता. वाटेत एक माणूस दारात वाकून खोकत, कण्हत बसवलेला होता. ज्यांना भरपूर वेळ आहे असं सांगितलं होतं त्यांच्यातले ६३ टक्के मदतीला वळले. उशीर झालाय, पळा, असं ज्यांना सांगितलं त्यांच्यातले अवघे १० टक्के. भाषणाचा विषय शोमरोनी असल्याने लक्षात येण्याजोगा फरक पडला नाही. हे आकडे मला त्या विद्यार्थ्यांच्या निंदेसाठी द्यायचे नाहीत. घाईत असलेला चांगला माणूस निघून जातो, एवढं ते सांगतात, आणि ते आपल्या सगळ्यांच्या दिवसाचं वर्णन आहे. मार्टिन ल्यूथर किंग यांनी ३ एप्रिल १९६८ रोजी, हत्येच्या आदल्या संध्याकाळी, मेम्फिसमधल्या संपावरच्या सफाई कामगारांच्या सभेत याच वाटेचा दाखला दिला होता. आपण बायकोबरोबर गाडीने त्या वाटेवरून गेलो आहोत, तिथे भीती वाटणं साहजिक आहे, असं ते म्हणाले. याजकाच्या मनातला प्रश्न आपलं काय होईल हा होता. शोमरोन्याने तो फिरवला आणि मी थांबलो नाही तर याचं काय होईल, असं स्वतःला विचारलं.

तरीही येशूच्या समोरच्या यहुदी ऐकणाऱ्याची जागा यापेक्षाही अवघड होती. याजक गेला, लेवी गेला, आता आपल्यासारखा साधा इस्राएली येणार आणि तो मदत करणार, अशी त्याची अटकळ. आला शोमरोनी. ख्रिस्तपूर्व दुसऱ्या शतकाच्या अखेरीस यहुदी राज्यकर्ता योहान हर्कानस याने गरिज्जीम डोंगरावरचं शोमरोन्यांचं मंदिर पाडलं होतं. तेव्हापासूनचं वैर दोन्ही बाजूंनी जपलेलं. लूकच्या शुभवर्तमानात या गोष्टीच्या एकच अध्याय आधी एका शोमरोनी गावाने येशूला उतरायला जागा नाकारलेली आहे आणि याकोब व योहान त्या गावावर आकाशातून आग पाडायला निघालेले आहेत. अशा वेळी ऐकणाऱ्याला शोमरोन्याच्या जागी उभं राहणं शक्यच नव्हतं. याजक-लेव्यांच्या जागी राहायची इच्छा नाही. उरतो एकच, रस्त्याकडेला अर्धमेला पडलेला माणूस. ज्याच्या हातचं पाणीही घेऊ नये असं लहानपणापासून शिकवलं, त्याच माणसाने माझ्या जखमांवर तेल आणि द्राक्षारस ओतावा, मला आपल्या जनावरावर घालावं, उतारशाळेच्या मालकाला दोन दीनार देऊन वर उधारी स्वीकारावी. हे मी सोसू शकतो का? जातीपातीने चिरफळ्या उडालेल्या समाजात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती माणसाने या प्रश्नाला बगल देऊ नये. मदत कुणाला करायची याची यादी आपण उदारपणे वाढवतो. मदत कुणाकडून घ्यायची ही यादी मात्र आतून कुलूप लावून ठेवलेली असते.

मत्तयाच्या विसाव्या अध्यायातला द्राक्षमळ्याचा मालक पहाटे मजूर ठरवायला निघतो. दिवसाला एक दीनार, हा त्या काळचा रोजचा दर. मग तो नऊला जातो, बाराला जातो, तीनला जातो आणि शेवटी पाचला, दिवस मावळायला तास उरलेला असताना. आपल्याकडच्या शहरांत सकाळी मजूर नाक्यावर थापी-घमेलं घेऊन उभी राहणारी माणसं ज्याने पाहिली आहेत, त्याला हा दृष्टांत समजावून सांगावा लागत नाही. दहा वाजून गेले की मुकादम यायचे थांबतात. अंगाने धडधाकट होते ते गेलेले असतात. उरतात वय झालेले, आजारातून उठलेले, नवखे. पाच वाजता उभे असलेले आळशी होते असं येशू सांगत नाही. कुणी कामालाच लावलं नाही, असं ते स्वतः सांगतात.

मग मजुरी वाटायची वेळ येते, आणि मालक मुद्दाम शेवटून सुरुवात करायला सांगतो. पहाटेच्या मजुरांना आधी पैसे दिले असते तर ते दीनार कनवटीला लावून समाधानाने घरी गेले असते आणि गोष्ट झालीच नसती. त्यांना पाहायला लावलं आहे. तासभर राबलेल्याच्या हातावर अख्खा दीनार पडतो हे पाहून त्यांचा अंदाज वाढतो, आणि आपल्यालाही दीनारच मिळाल्यावर ते कुरकुरतात. कुरकुर वाजवी वाटते! वर्गात हा दृष्टांत वाचला की प्रामाणिक माणसं हळूच कबूल करतात की हे बरोबर नाही. मला ती कबुली मोलाची वाटते, कारण त्या क्षणी ती माणसं गोष्टीत शिरलेली असतात. ठरलेली मजुरी बुडाली नाही, कुणाचं काही कमी झालं नाही, दुसऱ्याच्या घरी आज चूल पेटणार एवढंच झालं; आणि तेच सलतं.

या गोष्टीतल्या मालकाच्या शब्दांवरून जॉन रस्किन यांनी आपल्या अर्थशास्त्रीय निबंधांना ‘अन टू धिस लास्ट’ हे नाव दिलं; पुस्तकरूपाने ते १८६२ मध्ये आले. १९०४ मध्ये जोहान्सबर्गहून दर्बानला जाताना रेल्वेत गांधीजींनी ते पुस्तक वाचलं, रात्रभर झोपले नाहीत आणि फिनिक्सची वसाहत उभी केली. तिथे छापखान्यात काम करणाऱ्या प्रत्येकाला, वर्ण आणि देश न पाहता, महिन्याला सारखेच तीन पौंड ठरले. १९०८ मध्ये त्यांनी त्या पुस्तकाचा गुजराती सारांश केला तो ‘सर्वोदय’ या नावाने. तोच शब्द घेऊन पुढे विनोबा गावोगाव चालले. येशूच्या एका गोष्टीतला संध्याकाळचा मजूर असा वर्ध्यापर्यंत आला. गांधीजी पेशाने बॅरिस्टर होते, पहाटेच्या मजुरांतले. त्यांनी पाचच्या मजुराच्या बाजूने दृष्टांत ऐकला आणि लगोलग पगारपत्रक बदललं. दृष्टांत ऐकणं म्हणतात ते याला.

थोरल्या भावाकडे आता वळतो. लूकच्या पंधराव्या अध्यायातल्या या दृष्टांताला आपण धाकट्याचं नाव दिलं, त्यामुळे अर्धी गोष्ट झाकली जाते. जकातदार आणि पापी लोकांबरोबर येशू जेवतो म्हणून परूशी आणि शास्त्री कुरकुरत होते, त्यांना तो ही गोष्ट सांगतो, म्हणजे तिचं तोंड थोरल्याकडे आहे. तो शेतातून परततो. घरातून वाद्यं आणि नाच ऐकू येतो. स्वतःच्या घरात काय चाललंय हे पाहायला तो आत जात नाही, नोकराला बाहेर बोलावून विचारतो. एवढ्या एका हालचालीत त्याचं घराशी नातं काय उरलंय ते दिसतं. बाप बाहेर येऊन विनवतो, तेव्हा तो बापाला हिशेब सुनावतो: इतकी वर्षं राबलो, एकदाही आज्ञा मोडली नाही, मित्रांबरोबर मजा करायला करडू म्हणून मिळालं नाही. भावाला तो भाऊ म्हणत नाही, तुमचा मुलगा म्हणून बोट दाखवतो. आणि त्याने तुमची मिळकत वेश्यांवर उडवली असं म्हणतो. आधीच्या गोष्टीत वेश्यांचा उल्लेखच नाही. धाकट्याने पैसा उधळला एवढंच आपल्याला माहीत आहे. हा तपशील थोरल्याने स्वतःच्या मनातून घातला आहे. परक्याच्या पापाचं चित्र इतकं बारकाईने रंगवायला किती वर्षं मनात घोळवावं लागलं असेल?

मिळकतीवरून भाऊ-भाऊ तुटलेली, सातबाऱ्यावरची नावं कोर्टात भांडत असलेली घरं आपल्या वाड्यावस्त्यांत कमी नाहीत. त्या घरांत आई-वडिलांचं सगळं करणारा एक मुलगा असतो किंवा एक मुलगी असते. त्या माणसावर अन्याय झालेला असतो, आणि त्याचं दुःख खरं असतं. येशूच्या गोष्टीतला बापही थोरल्याला झिडकारत नाही. माझं जे आहे ते सगळं तुझंच आहे असं सांगतो, आणि त्या दुसऱ्याला पुन्हा ‘भाऊ’ म्हणायला लावू पाहतो.

हेन्री नूवेन या डच कॅथलिक धर्मगुरूंनी १९८३ मध्ये रेम्ब्रांच्या ‘उधळ्या पुत्राचं परतणं’ या चित्राची छापील प्रत पाहिली आणि ते तिने झपाटले गेले. १९८६ मध्ये तेव्हाच्या लेनिनग्राडमध्ये हर्मिटाज संग्रहालयात त्या मूळ चित्रासमोर ते तासन्‌तास बसले. गुडघे टेकलेला, फाटक्या जोड्यांतला धाकटा म्हणजे आपण, अशी त्यांची खात्री होती. पुढे एका मित्राने विचारलं, तुम्ही थोरले तर नाही ना? नूवेन घरातही थोरलेच होते, आणि लहानपणापासून आज्ञेत वागलेले. नंतर एका सहकारी बाईंनी त्यांना आणखी पुढे ढकललं: धाकटे असा की थोरले, तुम्हाला बाप व्हायचं आहे. १९९२ मध्ये आलेलं त्यांचं पुस्तक या तीन जागांमधल्या प्रवासाचं आहे. जागा दोन्ही वेळा दुसऱ्याने दाखवून दिली, हे मला त्यात सर्वांत महत्त्वाचं वाटतं. एकट्याने वाचणारा माणूस पहिल्या जागेवरून सहसा उठत नाही.

निर्दय चाकराच्या दृष्टांताबद्दल थोडंच सांगतो, कारण त्याला स्वतंत्र प्रकरण आहे. चाकराला माफ झालेलं कर्ज दहा हजार तलांत. यहुदी इतिहासकार योसेफसच्या नोंदीप्रमाणे हेरोद अंतिपाला गालिली आणि पेरिया मिळून वर्षाचं उत्पन्न होतं दोनशे तलांत. म्हणजे हे कर्ज त्याच्या अख्ख्या राज्याच्या पन्नास वर्षांच्या उत्पन्नाएवढं. सोबतीच्या चाकराकडून येणं होतं शंभर दीनार. उपदेशात ही रक्कम क्षुल्लक म्हणून सांगितली जाते. ती क्षुल्लक नव्हती. मजुराची ती शंभर दिवसांची कमाई होती. ज्याने आपल्याला खरोखर दुखावलं आहे त्याला क्षमा करायला हा दृष्टांत सांगतो, आणि ते दुखणं लहान होतं असं मात्र म्हणत नाही.

न्यायाधीशाच्या दारात खेटे घालणाऱ्या विधवेची गोष्ट आपण प्रार्थनेसाठी वाचतो, आणि लूकनेही तसंच सांगितलं आहे. पण ऑफिसात खुर्चीवर बसणाऱ्याने, फाइल दाबून ठेवू शकणाऱ्याने ती एकदा न्यायाधीशाच्या बाजूने वाचावी. आपल्या दाराशी कोण कितव्यांदा आलं आहे, ते आठवेल.

मराठीत या गोष्टींना चारशे वर्षं होऊन गेली. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये गोव्यातल्या रायतूर इथे छापलं गेलं. ओव्यांतून ख्रिस्ताचं चरित्र तिथे प्रथम मराठी कानांवर आलं. सिरामपूरच्या छापखान्यातून विल्यम कॅरी यांनी १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान मराठीत आणलं. पंडिता रमाबाईंनी केडगावला आयुष्याची अखेरची वर्षं बायबलच्या भाषांतराला दिली, आणि वसईच्या फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांच्या ‘सुबोध बायबल’ने आपल्या पिढीला रोजच्या बोलीच्या जवळ जाणारी भाषा दिली. या सगळ्यांच्या कष्टांमुळे दृष्टांत आपल्याला परके वाटत नाहीत. आता त्यांची सवय झाली आहे. ती मोडावी म्हणून हे पुस्तक.

एक सावधगिरीची गोष्ट सांगायला हवी. गोष्टीत स्वतःला ओळखणं म्हणजे बदलणं नव्हे. मार्कच्या बाराव्या अध्यायात येशू मंदिरात दुष्ट कुळांची गोष्ट सांगतो: मळा खंडाने घेतलेली कुळं धन्याच्या चाकरांना मारतात, शेवटी मुलालाही ठार करतात. मुख्य याजक, शास्त्री आणि वडील यांना गोष्ट आपल्यावरच आहे हे तिथल्या तिथे कळलं. शुभवर्तमानकारानेच तसं लिहून ठेवलं आहे. त्यांना अर्थ बरोबर लागला, आणि त्यांनी येशूला धरायचं ठरवलं. गर्दीची भीती वाटली म्हणून त्या दिवशी ते निघून गेले. दावीदालाही असंच कळलं होतं. त्याने मात्र नाथानासमोर आपलं पाप कबूल केलं. ओळख दोघांनाही पटली, पुढची पावलं वेगळ्या दिशांनी पडली, आणि ती कुठे टाकायची हे कुठलाही भाष्यकार वाचकाच्या वतीने ठरवू शकत नाही.

म्हणून या पुस्तकातल्या कुठल्याही प्रकरणाच्या शेवटी मी तात्पर्य दिलेलं नाही. प्रत्येक प्रकरणाच्या आधी मूळ उताऱ्याचा संदर्भ दिला आहे. माझं लिहिणं नंतर वाचलं तरी चालेल. आधी बायबल उघडून तो उतारा मोठ्याने वाचावा. शक्य असेल तर चार-पाच जणांनी मिळून वाचावा, त्यात एखादी वेगळ्या मताची, वेगळ्या वयाची व्यक्ती असावी. प्रत्येकाने आपण गोष्टीत कुठे आहोत ते सांगावं, आणि मग तो आपल्याला कुठे दिसतो ते इतरांनी त्याला सांगावं. सुरुवात लूकच्या पंधराव्या अध्यायापासून करावी.